संत्र्याचा थंड दूधचहा : घरच्या प्रयोगांच्या नोंदी

२० ऑक्टोबर २०२४, रविवार

काय करायचं आहे ते आधी लिहून ठेवते. खऱ्या फळाचा, घरी होणारा, दूध घातलेला थंड चहा. इसेन्स नाही, रंग नाही, सिरपची बाटली नाही. पहिलं फळ अर्थातच संत्रा. जानेवारीत संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायकांसमोर तो ठेवता आला पाहिजे, ही मुदत.

मुलगी पुण्याला शिकते, तिला बबल टीची, म्हणजे चिवट गोळ्या घातलेल्या थंड दूधचहाची आवड लागली आहे. हा प्रकार तैवानचा, १९८०च्या दशकातला. ताइचुंग आणि ताइनान या दोन शहरांतली दोन चहाघरं आजही तो आपलाच शोध असल्याचं सांगतात. तिने आणलेल्या ऑरेंज मिल्क टीच्या पाकिटावरची यादी मी वाचली : साखर, क्रीमर पावडर, आम्ल, रंग, संत्र्याचा स्वाद. संत्रा कुठेच नाही. नागपूरच्या घरात, ऐन संत्र्याच्या हंगामात हे पाकीट फोडायचं मला पटलं नाही. संत्रा बर्फी इथे होते, संत्र्याचं सरबत, मुरंबा, जॅम होतो, मग चहा का नाही होणार?

अडचण एकच आहे आणि ती मोठी आहे. आंबट फळ आणि दूध एकत्र आलं की दूध फाटतं. आधी ते नेमकं कधी फाटतं ते बघायचं, मग पुढचं.

साहित्य जमवलं : स्वयंपाकाचा थर्मामीटर, ग्रॅममध्ये मोजणारा छोटा वजनकाटा, बर्डीवरच्या प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानातून आंबटपणा मोजणारा पीएच कागद (आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त), आणि आजेसासूबाईंचा पितळी खलबत्ता.

२७ ऑक्टोबर, रविवार

आज मुद्दाम दूध फाडलं. फुल क्रीम दूध, प्रत्येक वाटीत १०० मिली. बाजारातल्या संत्र्याचा रस गाळून घेतला. पीएच कागदावर दूध साडेसहाच्या आसपास, रस साडेतीन ते चारच्या मध्ये.

फ्रिजमधल्या थंडगार दुधात २० मिली रस हळूहळू ढवळत घातला. दूध फाटलं नाही. किंचित दाटसर झालं, इतकंच. अर्ध्या तासानंतरही तसंच. मग तीच वाटी छोट्या गंजात (पातेल्यात) ओतून मंद आचेवर ठेवली, तर उकळी यायच्या कितीतरी आधी कण दिसायला लागले आणि बघता बघता चोथा-पाणी वेगळं झालं. दुसऱ्या वाटीत थंडच ५० मिली रस घातला, तर न तापवताही काही वेळाने कण धरले.

कारण समजून घेतलं की पुढचं सोपं जातं. दुधातल्या प्रथिनांपैकी साधारण ८० टक्के केसीन असतं. त्याचे बारीक गोळे एकमेकांना दूर लोटत दुधात तरंगत राहतात. आम्ल वाढलं की हे लोटणं कमी होतं आणि पीएच ४.६ला ते जवळजवळ संपतं, मग गोळे एकमेकांना चिकटतात. उष्णता असेल तर इतकं खाली जायचीही गरज नाही, त्याआधीच चिकटतात. पनीर करताना आपण दूध तापवून लिंबू घालतो ते याचसाठी.

म्हणजे दोन गोष्टी पक्क्या. रस आणि उष्णता एका भांड्यात येऊ द्यायची नाही. आणि रस घालायचाच तर थंड दुधात, थोडा.

पण खरी निराशा चवीची. २० मिली रस घातलेलं दूध न फाटताही संत्र्यासारखं लागत नव्हतं. पातळ, आंबूस, ताकाच्या वाटेवरचं दूध. संत्र्याचा सुगंध त्यात नव्हताच. मग तो असतो कुठे?

३ नोव्हेंबर, भाऊबीज

दादा काटोलहून आला, सोबत बागेतल्या संत्र्यांचं क्रेट. आंबिया बहार. झाडांना जानेवारी-फेब्रुवारीत फूल येतं आणि फळ दिवाळीच्या आगेमागे तोडणीला येतं. अजून रात्री फारशा गार नाहीत म्हणून सालीवर हिरवी झाक आहे, थंडी पडली की रंग चढेल. आत मात्र फळ तयार आहे. चव आंबट-गोड, मृग बहाराच्या, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला फुलणाऱ्या बहाराच्या फळाइतकी गोड नाही.

ओवाळून झाल्यावर मी त्याला म्हटलं, मला संत्र्यांपेक्षा साली जास्त लागणार आहेत.

"साली? अन् त्या कायले पाह्यजे तुले?"

मी मेणबत्ती लावली आणि सालीचा तुकडा ज्योतीजवळ चिमटला. तडतड ठिणग्या उडाल्या. आम्ही दोघांनी लहानपणी बागेत शेकोटीपुढे हे हजारदा केलंय. सालीवरच्या बारीक ठिपक्यांमध्ये तेलाच्या पिशव्या असतात, पेट घेतं ते हे तेल. त्यात ९० टक्क्यांहून जास्त लिमोनीन नावाचं द्रव्य असतं. संत्रा सोलताना खोलीभर जो वास पसरतो तो याच तेलाचा. रसात गोडवा आणि आंबटपणा असतो, पण "संत्रा" म्हणून नाक ज्याला ओळखतं ते बहुतेक सालीत असतं. आणि या तेलात आम्ल नाही! दुधाला त्याची भीती नाही. उलट ते स्निग्ध, त्यामुळे दुधाच्या सायीत ते मुरायला हवं.

दादा बराच वेळ साल हातात फिरवत राहिला. मग म्हणाला, बागेतली संत्रीच घेत जा सालीसाठी, बाजारातली नको. पॅकहाऊसमधून येणाऱ्या फळाला चमक यावी आणि ते सुकू नये म्हणून मेणाचा पातळ थर देतात. शिवाय फवारणी असतेच. त्याने शेवटची फवारणी कधी केली तेही सांगितलं. तरी मी सगळी फळं कोमट पाण्यात खायचा सोडा घालून, हाताने चोळून, परत साध्या पाण्याने धुतली आणि कोरडी पुसली. साल पोटात जाणार असेल तर हे टाळायचं नाही, फळ कुठलंही असो.

५ नोव्हेंबर

सालीची साखर.

नागपुरी संत्र्याची साल सैल असते, खाताना ती आपली सोय, किसताना मात्र अडचण. किसणीवर दाब दिला की साल आत दबते आणि किसाऐवजी लगदा निघतो. उपाय दोन सापडले. एक, फळ तासभर फ्रिजमध्ये ठेवायचं, साल आवळून कडक होते. दोन, टणक आणि ताजं तोडलेलंच फळ घ्यायचं. किसणी सगळ्यात बारीक, जायफळाची असते तशी. फक्त रंगाचा थर काढायचा. पांढरं दिसायला लागलं की फळ फिरवायचं. पांढरा भाग कडू.

चार संत्र्यांचा कीस, १०० ग्रॅम साखर. खलबत्त्यात थोडी थोडी घेऊन कुटली. जोर लावायचा नाही, बत्ता गोल फिरवत रगडायचं. साखरेचे कण तेलाच्या पिशव्या फोडतात आणि तेल शोषून घेतात. दहा मिनिटांत साखर ओलसर, केशरी-हिरवट झाली. घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरली. आई (सासूबाई) आतल्या खोलीतून विचारत्या झाल्या, "काय सोलून राहिली ग? घरभर वास सुटला." फळं किसलेली, अजून सोललेली नव्हती.

रात्रभर ठेवलं की वास आणखी बसतो.

९ नोव्हेंबर

आज फक्त चहा. संत्र्याला हात लावला नाही.

चहा कुठला घ्यायचा यावर विचार केला होता. दार्जिलिंगची पानं नाजूक सुगंधाची, दुधात आणि संत्र्यात तो सुगंध हरवतो, पैसे वाया. या कामाला आसामची सीटीसी दाणेदार चहापत्ती. पानं चिरडून, फाडून, गुंडाळून दाणे करणारं हे यंत्र विल्यम मॅकर्चर यांनी १९३० साली आसामात तयार केलं. दाणा असल्यामुळे अर्क लवकर आणि गडद उतरतो, दुधापुढे उभा राहतो.

आपल्या घरचा चहा दूध-पाणी-साखर-पत्ती एकत्र उकळून होतो आणि तो तसाच व्हावा. पण इथे दूध थंडच राहणार, त्यामुळे अर्क वेगळा काढावा लागतो. २५० मिली पाणी, ८ ग्रॅम पत्ती. एका गंजात पत्ती चार मिनिटं उकळली. दुसऱ्यात पाणी उकळून गॅस बंद केला, पत्ती टाकून पाच मिनिटं झाकली. पहिला अर्क जिभेला जास्त ओढतो, तुरट. गरम चहात दूध-साखर उकळल्यावर ही तुरटी बसते, कारण चहातली तुरट द्रव्यं दुधातल्या प्रथिनांना धरतात. थंड पेयात मात्र ती मागे रेंगाळते. दुसरा अर्क घेतला. रंग गडद, तुरटी बेताची.

फ्रिजमध्ये ठेवल्यावर अर्क गढूळ झाला. तो खराब झालेला नाही. कडक चहा गार झाला की त्यातलं कॅफीन आणि रंगद्रव्यं एकत्र येऊन असा गढूळपणा धरतात, गरम केला की पुन्हा नितळ. दूध घालणारच आहोत तर त्याने काही बिघडत नाही.

आलं आणि वेलची दोन्ही टाकून बघितली. वेलची संत्र्याशी भांडेल असं वाटतं, आलं तर नक्कीच. गवती चहाची एक पात मात्र राहू द्यावी. तिचा वास मुळातच लिंबाच्या कुळातला.

१० नोव्हेंबर, रविवार

जुळणी. सालीची साखर कशात घालायची हा आजचा प्रश्न.

एका ग्लासासाठी साखर गरम चहाच्या अर्कात विरघळवली. दुसऱ्यासाठी दुधात : दूध ६० अंशांपर्यंत तापवून गॅस बंद, साखर घालून ढवळून झाकण, वीस मिनिटं, मग गाळून फ्रिजमध्ये. झाकण महत्त्वाचं, हे तेल उडून जाणारं आहे. दूध उकळायचं नाही याचंही तेच कारण. (पिशवीतलं दूध पाश्चराइज्ड असतं. गवळ्याकडचं असेल तर ते आधी नेहमीसारखं उकळून, ६० अंशांवर येऊ द्यायचं.)

चहात विरघळवलेल्या ग्लासाला पहिल्या घोटाला जोराचा वास, नंतर काही नाही. वर तेलाची बारीक चकचक दिसत होती. दुधात मुरवलेल्या ग्लासात वास गोलसर, घोट गिळल्यावरही टाळूला राहणारा. हाच प्रयोग टोन्ड दुधात केला. त्यात ३ टक्के स्निग्धांश, फुल क्रीममध्ये ६. फरक जिभेला लगेच कळतो. टोन्ड दुधात संत्रा येतो आणि जातो. फुल क्रीममध्ये बसून राहतो.

तर सूत्र असं झालं : संत्रा दुधाला द्यायचा, चहाला नाही. आणि रसातला नाही, सालीतला.

आईंनी दोन घोट घेतले. "वास छान आहे. पण हा चहा नाही, चहा गरम असतो." त्यांचा मुद्दा मी लिहून ठेवला, गरमाचं बघायचं आहे.

१६ नोव्हेंबर

साल गेली दुधात. मग आतल्या फळाचं काय करायचं? एवढी सुंदर फळं नुसती बाजूला ठेवणं मला सहन होत नाही.

रस काढून ठेवून बघितला, फ्रिजमध्ये. संध्याकाळी कडसर. आमच्या संत्र्याची ही जुनीच खोड आहे आणि रसाच्या कारखानदारीत नागपुरी संत्रा मागे राहण्याचं ते एक मोठं कारण. फळात जे द्रव्य कडू नसतं ते रस काढल्यावर आंबट रसात हळूहळू लिमोनीन नव्हे, लिमोनिन होतं. नावं जुळी, गुण वेगळे : पहिलं सुगंधी, दुसरं कडू. तापवलं तर हा बदल आणखी लवकर. बियांमध्ये लिमोनिन भरपूर, म्हणून बियांसकट मिक्सरमध्ये फिरवलेला रस तर हमखास कडू. रस प्यायचा तर हाताने काढून, तिथल्या तिथे.

त्यापेक्षा हे जास्त चांगलं जमलं : फोड घ्यायची, पाठीवरून कात्रीने चिरायची, पापुद्रा आणि बिया काढायच्या, आतले रसाचे दाणे बोटांनी अलगद मोकळे करायचे. न फुटलेला दाणा रस स्वतःच्या आत धरून ठेवतो. दूध फाटत नाही! ग्लासाच्या तळाशी दोन चमचे हे गार दाणे, त्यावर दूधचहा. घोटाबरोबर दाणा दाताखाली फुटतो आणि आंबटपणा तोंडात येतो, ग्लासात नाही. दुधाचा गोडवा, चहाची तुरटी, सालीचा वास आणि मग ही आंबट चुणूक. इतके दिवस जे हवं होतं ते हेच.

ग्लास तासभर तसाच ठेवला. तळाशी फुटलेल्या एकदोन दाण्यांभोवती बारीक कण, बाकी स्वच्छ. लगेच प्यायचा असेल तर काळजी नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार

सीताफळ संपत आलं आहे, म्हणून आजच. गोकुळपेठ मार्केटमधून शिवनीकडची मोठी सीताफळं आणली.

सगळं संत्र्याच्या उलट. सीताफळात आम्ल फारच कमी, दूध फाटायची भीती नाही. पण गर तापवला की कडसर होतो. म्हणून गॅसजवळ न्यायचंच नाही. गर चाळणीवर हाताने घासून बिया वेगळ्या केल्या. बियांसकट मिक्सर फिरवायचा नाही, सीताफळाची बी विषारी असते, अख्खी वेगळी काढणं बरं. गर हवेवर काळा पडतो, तो लगेच थंड दुधात मिसळला. साखर नाही. चहाचा अर्क मात्र दीडपट कडक, नाहीतर बासुंदीच होते.

मुलीला फोटो पाठवला. तिला सीताफळाचा जास्त आवडेल, मला माहीत आहे. माझं मन संत्र्यातच आहे.

२४ नोव्हेंबर

अननस. कच्चा गर थंड दुधात घातला, अर्ध्या तासात दूध कडू. ब्रोमेलेन नावाचं विकर (एन्झाइम) दुधातली प्रथिनं तोडतं. पपईतही असंच एक विकर असतं. गर दहा मिनिटं शिजवून, गार करून घातला तर कडूपणा नाही, पण चव डब्यातल्या अननसासारखी. सोडून दिलं.

१ डिसेंबर, रविवार

साबुदाणा. बबल टीतले काळे मणी कसाव्याच्या कंदातल्या स्टार्चचे. आपला साबुदाणाही त्याच कंदाचा, तमिळनाडूत सेलमकडून येणारा. मग बाहेरून पाकीट मागवायची गरज काय? आमच्याकडे दर एकादशीला साबुदाण्याची उसळ होते, डबा घरात भरलेलाच.

मोठा साबुदाणा भिजवायचा नाही. भरपूर खळखळत्या पाण्यात टाकायचा आणि खाली बसू नये म्हणून सुरुवातीला हलवत राहायचं. वीस-पंचवीस मिनिटांत दाणा पारदर्शक होतो, मध्ये पांढरा ठिपका राहतो. तेव्हा गॅस बंद, झाकण, ठिपका जाईपर्यंत. मग चाळणीत ओतून गार पाण्याखाली धुवायचा, वरचा चिकट स्टार्च गेला पाहिजे. लगेच गुळाच्या पाकात.

मऊ होतो, पण चावायला तसा चिवट नाही. चिवटपणासाठी साबुदाणा मिक्सरमध्ये अगदी बारीक दळला, चाळला, आणि गुळाच्या उकळत्या पाण्यात त्यातलं थोडं पीठ घालून चिकट खळ केली. गॅसवरून उतरवून उरलेलं पीठ त्यात मळलं. वाटाण्याहून लहान गोळ्या, पिठात घोळवून, वीस मिनिटं उकळून. या जमल्या. वेळखाऊ काम आहे, पण आई समोर बसून गोळ्या वळत होत्या आणि त्यांच्या माझ्याहून एकसारख्या होत होत्या. शेवयांचा हात.

फ्रिजमध्ये ठेवल्या की दगड होतात. शिजलेला स्टार्च गारठ्यात पुन्हा आवळतो. त्या दिवशीच्या त्या दिवशी, बाहेर, पाकातच ठेवायच्या.

१५ डिसेंबर

चिखलदऱ्याची स्ट्रॉबेरी आली आहे, एक डबी घेतली. साखरेत तासभर मुरवून सुटलेला रस आणि ठेचलेली फळं ग्लासाच्या तळाशी, वर थंड दूध, मग चहा. न ढवळता दिला तर रंग सुरेख. ढवळला की लाल जाऊन करडा-जांभळट. हा लाल रंग आम्लातच लाल राहतो, दुधात आला की बदलतो. चव चांगली आहे, दिसायला उदास. पाकिटातल्या पावडरीत रंग का घालतात ते समजलं.

उद्यापासून विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन, शहरात जिकडेतिकडे बंदोबस्त. कळमन्याला संत्र्यासाठी जायचं ते आजच उरकलं. बाजारात फळांच्या राशी लागल्या आहेत, साल आता पूर्ण केशरी. भौगोलिक मानांकन २०१४ साली मिळालं, पण नागपुरी संत्र्याचा मान या राशींसमोर उभं राहिल्यावरच कळतो. या राशीतली फळं फक्त फोडींच्या दाण्यांसाठी. साल दादाच्या बागेतलीच.

२१ डिसेंबर

आईंसाठी गरम.

थंडी चांगली पडली आहे, आईंचा आग्रह रास्त. पाणी, पत्ती, दूध, साखर नेहमीसारखं उकळायचं. गवती चहाची एक पात. गाळायच्या आधी गॅस बंद करून मिनिटभर थांबायचं, मग कपामागे अर्धा चमचा सालीची साखर, झाकण, दोन मिनिटं, गाळणी. रसाचा थेंबही नाही. साल उकळत टाकून बघितली होती, वास उडतो आणि कडूपणा राहतो. शेवटी टाकली की दोन्ही सांभाळलं जातं.

आईंनी कप संपवला आणि दुसरा मागितला. "हा चहा."

आता सकाळी त्यांच्या चहात सालीची साखर ठरलेली आहे.

१२ जानेवारी २०२५, रविवार

हळदीकुंकवाची तयारी. एका वेळी दोन ग्लास करणं वेगळं आणि घरभर बायकांना देणं वेगळं. काय आधी करता येतं, काय नाही, ते ठरवलं.

सालीची साखर आठवडाभर आधी, फ्रीझरमध्ये. वास टिकतो, साखर गोठून दगड होत नाही. चहाचा अर्क आदल्या रात्री. दूध आदल्या रात्री मुरवून, गाळून, फ्रिजच्या सगळ्यात थंड खणात. संत्र्याचे दाणे सकाळी. साबुदाण्याच्या गोळ्या दुपारी. जुळणी बाई दारात आल्यावर.

बर्फ दूधचहात पाणी करतो. म्हणून चहाच्याच अर्काचा बर्फ लावला, ट्रेमध्ये.

१९ जानेवारी, रविवार

झालं.

छोटे काचेचे ग्लास, प्रत्येकी १२० मिली. तीळगूळ, वाण म्हणून सालीच्या साखरेची पुडी, आणि दूधचहा. दोन-तीन जणींनी दुपारच्या गारठ्यात थंड नको म्हटलं, त्यांच्यासाठी गरम होताच.

समोरच्या काकूंनी ग्लास उन्हात धरून बघितला आणि विचारलं, "संत्रा टाकून दूध फाटलं कसं नाही वं?" मग स्वयंपाकघरात गर्दी झाली. मी दोन वाट्यांत त्यांच्यासमोर गरम आणि थंड दुधात रस घालून दाखवला, नंतर खलबत्ता दाखवला. एकीने सांगितलं की त्यांच्याकडे साली वाळवून उटण्यात जातात, एकीने साल चिरून साखरेत शिजवलेल्या मुरंब्याची कृती दिली, ती वेगळ्या पानावर उतरवली आहे. संत्र्याच्या या शहरात साल कशी वापरायची हे प्रत्येक घराला थोडं थोडं माहीत आहे, फक्त चहात ती अजून पोचली नव्हती.

साबुदाण्याच्या गोळ्या तरुण मुलींना आवडल्या, ज्येष्ठांनी चमच्याने बाजूला काढल्या. पुढच्या वेळी वेगळ्या वाटीत द्यायच्या.

२३ फेब्रुवारी, रविवार

मृग बहाराची फळं दादाकडून आली. गोड. आंबियाच्या मापाने केलेला चहा त्यामुळे जरा सपाट झाला, कारण दाण्यांची आंबट चुणूक कमी पडली. म्हणून दाण्यांवर आयत्या वेळी लिंबाचे दोन-तीन थेंब, ढवळून, निथळून. साखर थोडी कमी.

शेवटचं माप, दोन मोठ्या ग्लासांचं :

फुल क्रीम दूध २०० मिली, ६० अंशांवर सालीची साखर २५ ग्रॅम घालून, झाकून वीस मिनिटं, गाळून थंडगार. मृग बहाराला साखर २० ग्रॅम. पाणी २५० मिली, सीटीसी पत्ती ८ ग्रॅम, गॅस बंद करून पाच मिनिटं, हवी तर गवती चहाची पात, गाळून थंडगार. ग्लासात आधी संत्र्याचे दाणे दोन चमचे, मग चहाचा बर्फ, दूध, आणि सगळ्यात शेवटी चहाचा अर्क सावकाश. केला की लगेच प्यायचा.

दादाच्या उरलेल्या सगळ्या फळांचा कीस काढून साखरेसकट बरण्यांमध्ये भरला आणि तारीख लिहून फ्रीझरमध्ये ठेवला. उन्हाळ्यात बागेतली संत्री नसतील. मुलगी परीक्षा संपवून मे महिन्यात येईल, तिच्यासाठी दोन बरण्या वेगळ्या आहेत. तोवर आंबाही आलेला असेल. त्याचा गर आंबट निघाला तर आधी पीएच कागद, मग दूध.